ओरड, पण गळ्याला कळू देऊ नकोस

पोरी, तू विचारलंस की पंक गाताना तिसऱ्या गाण्यापर्यंत माझा गळा बसतो, मग बाकीचे तासभर कसे ओरडतात. उत्तर आधी एका वाक्यात देते आणि मग सावकाश उलगडते. राग शब्दात ठेवायचा, श्वासात ठेवायचा, गळ्यात ठेवायचा नाही. ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे की ही मुलगी आता फाटून जाणार, आणि नेमक्या त्याच क्षणी तुझा गळा अंगातला सगळ्यात मोकळा अवयव असला पाहिजे.

लंडनमध्ये स्पीच थेरपिस्ट म्हणून माझं सगळं नोकरीचं आयुष्य बिघडलेल्या आवाजांसोबत गेलं. शिक्षिका, सेल्समन, फुटबॉलचे प्रशिक्षक, चर्चमधले पाद्री, आणि अधूनमधून तुझ्यासारखे बँडवाले. विद्यार्थिदशेत त्याच शहरात हे संगीत मी समोर उभं राहून ऐकलं. तुझ्या आईला वाटतं तसा हा नुसता गोंगाट नाही. ही गाण्याची एक रीत आहे, तिला शिस्त आहे, आणि ती शिकता येते.

तुझ्या गळ्यात काय आहे ते आधी ओळखून घे. स्वरयंत्रात दोन स्वरतंतू आहेत, बाईमाणसाचे जेमतेम दीड सेंटिमीटर लांबीचे. तू बोलतेस तेव्हा ते सेकंदाला साधारण दोनशे वेळा एकमेकांना भिडतात. वरच्या पट्टीत ओरडतेस तेव्हा पाचशे-सहाशे वेळा. अर्ध्या तासाच्या कार्यक्रमात हा आकडा काही लाखांवर जातो. इतक्या वेळा भिडायचंच आहे तर ते हलकेच भिडले पाहिजेत. घट्ट आवळलेल्या गळ्यात ते आदळतात, सुजतात, आणि सुजले की कडेने नीट मिटत नाहीत. मग हवा गळते, आवाज घोगरा होतो आणि तुला वाटतं, वा, आता खरा पंकचा आवाज लागला. तो सुजेचा आवाज असतो. ऐकायला दोन्ही जवळपास सारखे, म्हणूनच इतकी गुणी मुलं फसतात. फरक दुसऱ्या दिवशी सकाळी कळतो.

शिकायची सुरुवात कानाने कर. रामोन्सचा पहिला अल्बम, १९७६ सालचा, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या पोरांचा. चौदा गाणी अर्ध्या तासाच्या आत संपतात. त्यात जोई रामोन किती वेळा खरोखर किंचाळतो ते मोज. जवळजवळ नाहीच. मागे गिटार आणि ड्रम धावत असतात आणि तो साठच्या दशकातल्या पॉप गायकांसारखा शब्द तोंडात घोळवत, ओढत गातो. आक्रमकता त्या दोहोंच्या घर्षणातून येते. मग सेक्स पिस्टल्सच्या जॉनी रॉटनला ऐक. त्याचा आवाज मोठा नाही, धारदार आहे. तो 'र' गुरगुरवतो, स्वर वाकवतो, शब्दाच्या शेपटाला पीळ देतो. वॉशिंग्टनचा इयन मकाय, मायनर थ्रेटवाला, हा माझा विशेष आवडता. १९८० ते १९८३ एवढंच आयुष्य त्या बँडचं, काही गाणी मिनिटभराचीही नाहीत, पण त्या वेगातही त्याचे शब्द तुझ्यावर येऊन आदळतात. त्याच शहराच्या बॅड ब्रेन्सचा एच. आर. रेगेचा गोडवा आणि चिरकणं यांत एका क्षणात ये-जा करतो. त्यांच्या १९८६च्या 'आय अगेन्स्ट आय' या अल्बममधल्या एका गाण्याचा आवाज त्याने तुरुंगातून टेलिफोनवर गाऊन दिला होता. फोनच्या तारेतून जेवढा आवाज जाऊ शकतो तेवढ्यातही तो माणूस पूर्ण पोचतो, म्हणजे त्याचा जोर आवाजाच्या आकारमानात नव्हता हे उघड आहे. आणि बिकिनी किलची कॅथलीन हॅना ऐक, नव्वदीच्या सुरुवातीची. एका ओळीत लहान मुलीसारखा लाडिक स्वर, पुढच्या ओळीत गर्जना. पहिली ओळ नसती तर दुसरी एवढी लागली नसती. तू सगळं गाणं पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत एकाच उंचीवर ओरडतेस. दहा सेकंदांत ऐकणाऱ्याच्या कानाला त्याची सवय होते, मग ते ओरडणं ऐकूच येत नाही.

पण एकच बाई ऐकायला वेळ असेल तर पॉली स्टायरीनला ऐक. एक्स-रे स्पेक्स हा तिचा बँड. वडील सोमाली, आई ब्रिटिश, दातांना तारा, आणि १९७७ साली 'ओ बाँडेज अप युवर्स!' हे गाणं आलं तेव्हा ती विशीची. ३० एप्रिल १९७८ला ट्रॅफल्गर स्क्वेअरवरून हॅकनीच्या व्हिक्टोरिया पार्कपर्यंत वंशद्वेषाविरुद्ध मोर्चा निघाला होता, 'रॉक अगेन्स्ट रेसिझम'वाल्यांचा आणि अँटी-नाझी लीगचा. पार्कात क्लॅश, स्टील पल्स, टॉम रॉबिन्सन यांच्यासोबत ती गायली. मी गर्दीत बरीच मागे होते. दोन वर्षांपूर्वीच साउथॉलमध्ये गुरदीपसिंग चग्गर या अठरा वर्षांच्या मुलाचा भररस्त्यात खून झाला होता, आणि आम्हा गव्हाळ कातडीच्या मुलींना संध्याकाळी बसमधून एकटं येताना भीती वाटायची. तेव्हा त्या मुलीचा आवाज त्या प्रचंड मैदानावरून सरळ, उंच, अजिबात न थरथरता माझ्यापर्यंत आला. ती पुरुषांसारखं खालच्या पट्टीत गुरगुरत नव्हती. बाईच्या आवाजाचं जे वरचं, टोकदार अंग आहे, जे आपल्याला लहानपणापासून 'हळू बोल' म्हणून दाबायला शिकवतात, तेच तिने पुढे केलं होतं. तू पुरुष गायकांची नक्कल करून आवाज खाली ओढतेस ना, ते आजपासून बंद. तिथे तुझी ताकद नाही, तिथे फक्त गळा आवळला जातो.

आता श्वास. पंकमध्ये श्वासाला जागाच नसते, असं तू म्हणतेस. जागा असते, ती आधीच ठरवून ठेवावी लागते. गाण्याचे शब्द कागदावर लिही आणि प्रत्येक श्वासाच्या जागी तांबड्या पेनाने खूण कर. सरावात दर वेळी तिथेच श्वास घे, इतरत्र नाही. जिथे खूण करायला जागाच सापडत नाही तिथे एक शब्द काढून टाक, गाणं तुमचंच आहे. श्वास तोंडाने, आवाज न करता घ्यायचा. घेताना खसकन आवाज झाला तर समज की गळा आधीच आवळलेला आहे. बरगड्या बाजूला फुलल्या पाहिजेत, खांदे वर जाता कामा नयेत. ओरडताना पोटाच्या कडा, कमरेच्या थोड्या वर, बाहेर ढकललेल्या राहतील असं बघ. तिथे हात ठेवून जोरात 'श्श्! श्श्! श्श्!' कर. हाताला धक्का लागतो तो तुझा जोर. ओरडण्याचं सगळं काम तिथे झालं पाहिजे.

आणि भरपूर हवा घेऊ नकोस. नवशिके इथे हमखास चुकतात. छाती गच्च भरली की ती हवा खालून दाब देते, तो दाब अडवायला स्वरतंतू करकचून मिटतात, आणि आदळआपट सुरू. रस्त्यापलीकडच्या मैत्रिणीला हाक मारताना जेवढा घेतेस तेवढाच श्वास पुरतो.

हाक म्हटलं म्हणून सांगते, तुझा पहिला धडा हाकच आहे. गच्चीवर जा आणि लांबच्या कुणाला तरी बोलावल्यासारखं 'एऽऽ' म्हण, मग 'ओऽऽ' म्हण. गात नाहीयेस, बोलावते आहेस. हे दोन स्वर मोठ्या आवाजाला सगळ्यात सोयीचे. जबडा सैल राहतो, घसा उघडा राहतो. मराठीत गाताना तुझी पंचाईत 'ई' आणि 'ऊ' यांच्यावर होते. नाही, आम्ही, तुम्ही, कुणी: आपले निम्मे शब्द 'ई'वर संपतात आणि चाल नेमकी तिथेच वर चढते. वर चढताना तो 'ई' थोडा 'ए'कडे उघड, 'ऊ' थोडा 'ओ'कडे. ऐकणाऱ्याला 'नाही'च ऐकू येतं, गळ्याला मात्र मोकळीक मिळते. पॉली स्टायरीनपासून आपल्या शाहिरांपर्यंत मोठ्याने गाणारे सगळे हे करत आलेत.

स्वराने सुरू होणाऱ्या शब्दांना जप. 'उठा', 'आता', 'आग' असा शब्द जोरात फेकताना स्वरतंतू आधी गच्च मिटतात आणि मग धाडकन उघडतात. त्याच्या आधी अगदी पुसटसा 'ह' सोड, कुणाला कळणार नाही इतका. म्हणजे हवा आधी सुटते आणि आवाज तिच्यावर बसून येतो. हे एक साधलंस तरी गळ्याचा अर्धा त्रास जाईल.

आक्रमकता व्यंजनांत आहे, आणि मराठी त्या बाबतीत फार श्रीमंत आहे. ट, ठ, ड, ढ, ख, घ, क्ष, र्र. इंग्रजी पंकवाल्यांना 'ठ' नाही, 'घ' नाही. ही व्यंजनं मुख्यतः जिभेने, टाळूने, ओठांनी होतात, स्वरतंतूंवर त्यात फारसा भार पडत नाही. म्हणजे ती कितीही जोरात आपटलीस तरी गळा थकत नाही. म्हणून असा सराव कर: अख्खं गाणं आवाज न काढता, नुसती व्यंजनं थुंकल्यासारखी उच्चारत, ड्रमच्या लयीत म्हण. कुजबुजायचं नाही, कुजबुजणंही गळ्याला वाईटच. फक्त जीभ, ओठ, दात. दहा वेळा असं म्हटलंस की मग मध्यम आवाजात गा आणि रेकॉर्ड करून ऐक. तुझा तुलाच विश्वास बसणार नाही इतकं ते चिडलेलं वाटेल.

धार कशी आणायची ते आता. लोकलच्या डब्यात सकाळपासून रात्रीपर्यंत ओरडणाऱ्या फेरीवाल्याचा आवाज आठव. गाडीच्या खडखडाटावर तो चढतो, आणि दुसऱ्या दिवशी तसाच असतो. कारण तो जोर लावत नाही, आवाज चिंचोळा करून नाकाडोळ्यांच्या मध्ये नेतो. स्वरतंतूंच्या वरचा भाग तो किंचित अरुंद करतो, त्यामुळे दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यातला आवाज उठून येतो, आणि माणसाचा कान नेमका तिथे सगळ्यात तिखट असतो. रॉटनचं गुपित तेच. शिकण्यासाठी मुलं एकमेकांना चिडवतात तसं 'ञॅ-ञॅ-ञॅ' कर, मांजरासारखं 'म्याँव' कर. ओंगळ वाटेल, वाटू दे. मग त्याच जागेवरून तुझ्या गाण्याची एक ओळ म्हण. आवाज लहान वाटेल पण पोचेल दुप्पट.

खरखर सगळ्यात शेवटी शिकायची. तू तिथूनच सुरुवात केलीस आणि तिथेच अडकलीस. खऱ्या स्वरतंतूंच्या वर आणखी एक जोडी असते, तिला खोटे स्वरतंतू म्हणतात. जड सिलिंडर उचलताना 'हंऽ' निघतो ना, तेव्हा ती आत येते. बालनाट्यातला राक्षस बोलतो तो आवाज, लुई आर्मस्ट्राँगचा गाण्यातला घोगरा आवाज, हे तिच्या कामाचे. चांगले पंक गायक खाली स्वच्छ स्वर ठेवतात आणि वर या खोट्या तंतूंची खरखर पसरतात. म्हणजे खरखर काढून घेतली तर खाली सुरेल, निरोगी आवाज उरला पाहिजे. तसा उरत नसेल तर ती खरखर चुकीच्या जागेची आहे. सुरुवात कमी आवाजात कर, अगदी बोलण्याच्या. स्वच्छ 'ए' लाव, त्याच्यात हळूच राक्षस मिसळ, काढून घे, पुन्हा मिसळ. घशात खाजलं, खोकला आला, टोचलं की तिथेच थांब. चांगल्या खरखरीत काहीही दुखत नाही. 'थोडं दुखणारच' असं जो सांगेल त्याच्यापासून लांब राहा, मग तो कितीही मोठा गायक असो. पहिले काही आठवडे दिवसाला दहा मिनिटांवर जाऊ नकोस. आणि गाण्यात ती सगळीकडे ओतू नकोस. ओळीचा शेवटचा शब्द, कडव्याची शेवटची ओळ, एवढ्यावर पुरे. समोरासमोर शिकवणारं कुणी मिळालं तर फारच उत्तम. अमेरिकेच्या मेलिसा क्रॉस यांनी जोरकस ओरडणाऱ्या गायकांना शिकवण्यातच नाव कमावलं, त्यांचा 'झेन ऑफ स्क्रीमिंग' हा व्हिडिओ बघ. डेन्मार्कच्या कॅथरीन सॅडोलिन यांनीही खरखरीचे प्रकार आणि ते सुरक्षितपणे कसे करायचे याची पद्धतशीर मांडणी केली आहे. ही विद्या आता लपून राहिलेली नाही.

सराव आणि कार्यक्रम यांच्या आधी गळा गरम करायचाच. लहान मुलं गाडी चालवताना ओठ फुर्र करतात तसं फुर्र करत आवाज खालून वर, वरून खाली ने. मग पेलाभर पाण्यात स्ट्रॉ बुडवून तिच्यातून 'ऊ' म्हणत बुडबुडे काढ. इंगो टिट्झ या शास्त्रज्ञाने स्ट्रॉच्या व्यायामाचा फार प्रसार केला. तोंडाशी थोडा अडथळा असला की मागे हवेचा हलका दाब तयार होतो आणि स्वरतंतू न आदळता थरथरायला शिकतात. पाच-सात मिनिटं पुरतात. कार्यक्रमानंतरही दोन मिनिटं हेच कर, हळू आवाजात. हे कुणीच करत नाही, आणि त्याचा उपयोग मात्र सगळ्यांना होतो.

जॅमरूमबद्दल मला खरी काळजी वाटते. चार बाय चारची खोली, ड्रम अंगावर, गिटारचा अ‍ॅम्प कानाशी, आणि तुझा स्पीकर कोपऱ्यात. स्वतःला ऐकू आलं नाही की माणूस नकळत आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने १९११ सालीच हे नोंदवून ठेवलंय. ते तुझ्या इच्छेवर नाही, शरीर आपोआप करतं. म्हणून 'आज जपून गाईन' असं ठरवून काही होणार नाही, खोलीची व्यवस्था बदलावी लागेल. तुझा स्पीकर तुझ्या तोंडासमोर, कानाच्या उंचीवर आण. गिटारचा अ‍ॅम्प वाजवणाऱ्याच्या गुडघ्यांकडे नको, त्याच्या कानाकडे तिरका कर, तो आपणहून आवाज कमी करेल. कानात बोळे घाल, सगळ्यांनी. १०० डेसिबलच्या आवाजात कानाला सुरक्षित वेळ जेमतेम पंधरा मिनिटं असतो, ८५ला आठ तास, आणि जॅमरूम शंभराच्या आसपास सहज जाते. बोळ्यांचा आणखी एक फायदा म्हणजे तुझा स्वतःचा आवाज डोक्यातून तुला ऐकू येतो, मग तू कमी ओरडतेस. आणि दर सरावाला सगळी गाणी पूर्ण जोराने गायची गरज नाही. मुलं चाली बसवत असतील तेव्हा तू शब्द नुसते बोल. पूर्ण जोराने शेवटी एकदाच.

माइक हा तुझा मित्र आहे, त्याच्यावर काम सोपव. मोठं करणं त्याचं काम. तुमच्याकडेही तो शुअरचा एसएम५८च असणार, १९६६पासून सगळीकडे तोच आहे. ओठ जाळीला जवळजवळ टेकव, मात्र जाळीभोवती मूठ आवळू नकोस. मूठ आवळली की तो सगळ्या बाजूंनी आवाज उचलायला लागतो, शिट्टी वाजते आणि तुझे शब्द चिखलात जातात. 'फ', 'भ', 'प' यांची हवा सरळ जाळीवर फुटते, तेव्हा माइक तोंडाच्या किंचित बाजूला धर. मोटरहेडच्या लेमीने माइक उंच टांगून वर बघत गायलं, म्हणून तू तसं करू नकोस. मान ताणली की स्वरयंत्र वर खेचलं जातं. हनुवटी खाली, मानेचा मागचा भाग लांब, गुडघे सैल. उड्या मार, जमिनीवर लोळ, पण ओरडायच्या क्षणी मान पुढे काढू नकोस. आणि जाळी उघडून धुवायची सवय लाव, ती फिरवली की निघते. लंडनला तेव्हा प्रेक्षक कौतुकाने गायकावर थुंकायचे. क्लॅशचा गायक जो स्ट्रमर १९७८च्या सुरुवातीला काविळीने आजारी पडला, आणि तो त्याचा दोष कुणाच्या तरी थुंकीलाच द्यायचा. भाड्याच्या माइकवर रोज किती तोंडं येतात याचा विचार कर.

ध्रुवपद सगळं एकटीने ओरडू नकोस. मुलांना दे. पंकमध्ये सगळ्या बँडने एकत्र ओरडायची रीत आहेच, आणि ऐकायला ते मोठं, रांगडं, टोळीचं वाटतं. तू फक्त पहिला शब्द टाक, बाकी त्यांनी आणि समोरच्या पोरांनी उचलायचं. तेवढ्यात तुझे दोन श्वास होतात. गाण्यांचा क्रमही तसाच लाव: पहिलं मध्यम, सगळ्यात अवघड तिसऱ्या किंवा चौथ्या जागी, त्यानंतर जिथे गिटार जास्त आणि शब्द कमी आहेत असं एखादं.

खाण्यापिण्याचं थोडक्यात. पाणी स्वरतंतूंवरून जात नाही, ते पोटात जातं आणि काही तासांनी अंगभर पोचतं, त्यामुळे स्टेजवर घटाघटा पिऊन उपयोग नाही, दिवसभर पी. वाफ मात्र थेट पोचते, ती घे. मेन्थॉलच्या गोळ्या घसा बधिर करतात आणि दुखणं लपवतात, त्या नकोत. वेदनाशामक गोळी घेऊन गायचं नाही. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांनी रक्त वाहण्याचा धोका वाढतो आणि ओरडताना स्वरतंतूतली बारीक रक्तवाहिनी फुटू शकते. जॅम संपल्यावर रात्री बाराला वडापाव खाऊन लगेच आडवं व्हायचं, ही तुमची सवय मला ठाऊक आहे. पोटातलं आम्ल रात्रभर वर येऊन त्या थकलेल्या तंतूंवर बसतं. खायचंच असेल तर कार्यक्रमाआधी दोन तास खा. सारखा घसा खाकरणं सोड, घोटभर पाणी गिळ. आणि एक गोष्ट जी कुठलाही गिटारवाला तुला सांगणार नाही: पाळीच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत काही जणींचे स्वरतंतू किंचित सुजतात, बारीक रक्तवाहिन्या नाजूक होतात. तुझं तसं होतं का ते दोन-तीन महिने टिपून बघ. होत असेल तर त्या दिवसांत सगळ्यात अवघड गाणं यादीतून काढ. त्यात कमीपणा नाही.

काय गायचं हे मी तुला सांगणार नाही, पण एवढं सांगते की राग खोटा असला की गळा आवळतो. हे मी दवाखान्यातही पाहिलंय. ज्याला खरंच काही सांगायचंय तो समोरच्याकडे बघून बोलतो, आणि ज्याला फक्त रागावलेलं दिसायचंय तो स्वतःच्या गळ्याकडे बघत राहतो. १९७९मध्ये लंडनच्या आशियाई मुलांनी एलियन कल्चर नावाचा पंक बँड काढला. परक्या संस्कृतीचे लोक देश बुडवतील अशी भीती मार्गारेट थॅचर यांनी टीव्हीवर बोलून दाखवली होती, त्या बोलण्यालाच टोमणा म्हणून हे नाव. गिटार त्यांना धड येत होतं की नाही हा प्रश्नच नव्हता, त्यांना ते कुणाला उद्देशून म्हणायचंय हे नेमकं माहीत होतं. प्रत्येक गाण्याआधी मनात ठरव की हे मी कुणाला सांगते आहे. माणूस ठरव, विषय नको. पुलाचं टेंडर खाणारा, पाठलाग करणारा, खोली भाड्याने देताना आडनाव विचारणारा. तो समोर उभा आहे असं धरून गायलीस की श्वास, स्वर, व्यंजनं निम्म्याहून जास्त आपोआप जागेवर येतात.

सरावानंतर स्वतःला तपासायची एक साधी युक्ती आहे. 'हॅपी बर्थडे'ची पहिली ओळ वरच्या पट्टीत, जितकं हळू गाता येईल तितकं हळू गा. जोराने गाणं सुजलेल्या गळ्यालाही जमतं, हळू आणि उंच गाणं जमत नाही. आवाज उशिरा लागला, मध्येच नुसती हवा आली, तर सूज आहे. त्या दिवशी आणखी गायचं नाही, दुसऱ्या दिवशी कमी बोलायचं. सकाळपर्यंत पूर्ववत झालं तर चिंता नको. दोन दिवस लागले तर पद्धतीत काहीतरी चुकतंय. घोगरेपणा दोन-तीन आठवडे टिकला, किंवा ओरडताना एकदम काहीतरी तुटल्यासारखं होऊन आवाज गेला, तर काढे आणि मध-हळद यात दिवस घालवू नकोस. आवाज एकदम गेला असेल तर त्याच दिवसापासून पूर्ण मौन आणि कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जायचं. दुर्बिणीतून स्वरतंतू बघायला सांग, स्ट्रोबोस्कोपी होत असेल तर ती करून घे. नुसतं तोंड उघडून टॉर्च मारून स्वरतंतू दिसत नाहीत. गाठी निघाल्या तरी घाबरू नकोस, त्या बहुतेक वेळा थेरपीने आणि पद्धत बदलून जातात, शस्त्रक्रियेची वेळ फार थोड्यांवर येते. डॉक्टरांनी 'गाणं सोड' म्हटलं तर विचार की कसं गायलं तर चालेल, आणि उत्तर मिळालं नाही तर मला फोन कर. माझ्याकडे लंडनला घड्याळ उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे असतं हे लक्षात ठेव, तुमची रात्र ती माझी संध्याकाळ.